बिल्डिंगची दुरुस्ती आणि आत राहणारे वृद्ध: कुणाला, कधी आणि कसं हलवायचं

बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते. तुम्ही एक तीन मजली केअर होम चालवता, चाळीसेक वृद्ध राहतात, त्यातले बरेच स्वतः चालू न शकणारे. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये एका विंगचे कॉलम आणि स्लॅब खराब निघालेत, त्यातच फायर अलार्म आणि जुनं वायरिंगही बदलायचं ठरलंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो चार महिने अख्खी बिल्डिंग रिकामी करून द्या, काम झटपट होईल. ट्रस्टी म्हणतात एवढा खटाटोप कशाला, सगळ्यांना दुसऱ्या विंगमध्ये सरकवा, कमी पडलं तर डायनिंग हॉलमध्ये खाटा टाका. आणि एका नातेवाइकाने कुठेतरी वाचलंय की म्हातारी माणसं हलवली की दगावतात, म्हणून तो संमतीची सहीच देत नाहीये. यातलं बरोबर कोण, असं तुम्ही विचारताय.

तिघंही आपापल्या जागी थोडे थोडे बरोबर आहेत, पण तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत म्हणून तुमचं डोकं चक्रावलंय. बिल्डिंग आज किती धोकादायक आहे हा एक प्रश्न. काम सुरू झाल्यावर धूळ, आवाज, बंद पडलेला अलार्म यांचा त्रास किती होणार हा दुसरा. आणि प्रत्येक माणसाला हलवणं किती झेपेल हा तिसरा. मी नर्सिंगच्या बाजूने ही कामं बरीच वर्षं केलीत, ठरवून केलेली हलवाहलवही पाहिलीय आणि रातोरात करावी लागलेलीही, त्यामुळे पहिल्या प्रश्नाबद्दल मी फक्त कुणाला काय विचारायचं एवढंच सांगेन, बाकी दोन्हींवर मात्र मला बोलायला भरपूर आहे.

पहिला प्रश्न इंजिनिअरचा, आणि तो लेखीच हवा

कॉन्ट्रॅक्टरला "रिकामं करायला लागेल का" असं विचारू नका. तो हो म्हणणारच, रिकाम्या बिल्डिंगमध्ये काम करायला कुणाला आवडणार नाही? ऑडिट करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दोन प्रश्न लेखी विचारा. आज, काम सुरू व्हायच्या आधी, त्या विंगमध्ये माणसं रात्री झोपलेली चालतील का? आणि तोडफोड चालू असताना बाजूच्या विंगमध्ये चालतील का? उत्तर साधारण तीन प्रकारचं येतं: ताबडतोब खाली करा, टेकू लावून, वरचा भार कमी करून अमुक काळ चालेल, किंवा फक्त कामाचा भाग रिकामा ठेवा, बाकी बिल्डिंग ठीक आहे. पुढचा सगळा प्लॅन या उत्तरावर ठरतो, आणि ते तोंडी घेतलंत तर पुढे प्रत्येक मीटिंगमध्ये ते बदलत जातं, हे मी पाहिलंय.

भार कमी करणं म्हणजे फार मोठं काही नसतं. गच्चीवरची टाकी अर्धीच भरायची, वरच्या मजल्यावरची फाइलींची कपाटं आणि अडगळ खाली आणायची, जड बेड त्या स्लॅबवरून काढायचे. भेगांवर इंजिनिअर काचेची पट्टी चिकटवून देतो, ती तडकली तर भेग हलतेय असं समजायचं. ती पट्टी रोज कोण बघणार आणि तडकली तर कुणाला फोन करणार, ते नाव भिंतीवर लिहून ठेवा. नवीन भेग, अचानक अडकायला लागलेलं दार, प्लास्टरचे तुकडे पडणं, यातलं काही दिसलं तर मग खालचं माझं सगळं क्रमवार सांगणं बाजूला ठेवायचं आणि त्याच दिवशी तो भाग खाली करायचा. रात्रीच्या ड्युटीवरच्या मावशींनाही हे माहीत हवं, कारण भेगा ऑफिसच्या वेळेतच पडतील असं काही नाही.

हलवल्याने माणसं दगावतात का

त्या नातेवाइकाची भीती खोटी नाहीये, तिला उडवून लावू नका. फुकुशिमाच्या २०११ च्या अणुदुर्घटनेनंतर मिनामिसोमा भागातल्या पाच केअर होममधले वृद्ध घाईघाईने हलवावे लागले होते. २०१३ साली त्यांचा अभ्यास छापून आला, त्यात हलवल्यानंतर मृत्यूचा धोका आधीच्या तुलनेत २.७ पट झालेला दिसला. अमेरिकेत कॅटरिना, रिटा, गुस्ताव आणि आईक या चार चक्रीवादळांच्या वेळचे आकडे तपासले तेव्हाही, वादळ सोसून जागीच राहिलेल्यांपेक्षा हलवलेल्या रहिवाशांमध्ये ९० दिवसांत मृत्यूची शक्यता २.७ ते ५.३ टक्क्यांनी जास्त निघाली.

पण फुकुशिमाचा तोच अभ्यास पुढे वाचला की खरी गोष्ट कळते. पाच केंद्रांमधला फरक प्रचंड होता, एकीकडे धोका २.८८ पट आणि एकीकडे ०.७७, म्हणजे वाढलाच नाही. किती लांब नेलं त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. फरक पडला तो आधीची तयारी कशी होती, वाटेत आणि पोचल्यावर काळजी कुणी घेतली, माहिती पुढच्या माणसापर्यंत गेली का, यामुळे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या महापालिकेने आपली बरीच जुनी वृद्धगृहं बंद करून लोकांना दुसरीकडे नेलं, त्याचा अभ्यास २०११ ला आला, आणि तिथे सावकाश, प्रत्येकाची नीट तपासणी करून हलवल्यामुळे बहुतेकांची स्थिती तशीच राहिली किंवा थोडी सुधारलीसुद्धा.

माझा अनुभवही हेच सांगतो. आजी गाडीत बसली म्हणून काही होत नाही. होतं ते असं, की नव्या जागी पाणी कोण पाजतं ते ठरलेलं नसतं, मग दोन दिवसांत डिहायड्रेशन, त्यातून गोंधळलेपणा, त्या गोंधळात रात्री उठून पडणं, मग हिप फ्रॅक्चर, मग हॉस्पिटल. किंवा भरवणाऱ्या नवीन मुलीला माहीत नसतं की आजोबांना मान थोडी पुढे करून छोट्या चमच्यानेच भरवायचं असतं, अन्न श्वासनलिकेत जातं आणि आठवड्याने न्यूमोनिया. प्रत्येक पायरी अडवता येण्यासारखी असते. म्हणून कुठे न्यायचं हे ठरवण्याआधी मी विचारते की बरोबर कोण जाणार. ओळखीचा स्टाफ सोबत जात असेल तर लांबची जागाही चालते, नसेल तर शेजारची इमारतसुद्धा धोक्याचीच.

त्या नातेवाइकाला हे आकडे दाखवा, लपवू नका, आणि मग सांगा की न हलवणं म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नसतं. २०१७ मध्ये इर्मा वादळानंतर फ्लोरिडातल्या एका नर्सिंग होमचं एसी बंद पडलं, माणसं आतच ठेवली, आणि उष्म्याने १२ जण गेले. समोरच हॉस्पिटल होतं.

आतल्या आत, की बाहेर

हे खरंच परिस्थितीवर आहे, पण माझा कल सांगते. इंजिनिअर दुसरी विंग चालेल म्हणत असेल, आणि दोन विंगच्या मधे छतापर्यंत बंद पार्टिशन घालता येत असेल, आणि राहत्या विंगला स्वतःचे दोन बाहेर पडायचे रस्ते असतील, तर आतल्या आत, टप्प्याटप्प्याने. यातलं एक जरी नसेल तर बाहेर. आणि बाहेर जायचं तर सगळा गट, निदान एक मजला तरी, एकाच ठिकाणी आपल्या स्टाफसकट. पाच ठिकाणी पाच-सात जण विखुरणं कागदावर सोपं दिसतं कारण रिकाम्या खाटा तशाच मिळतात, पण त्यात तुमचा स्टाफ फुटतो आणि प्रत्येक ठिकाणी आपली माणसं पाहुण्यांसारखी राहतात. तो मी शेवटचा पर्याय धरते.

डायनिंग हॉलमध्ये खाटा टाकणं एखाद्या रात्रीपुरतं ठीक. चार महिने नाही. पडदा नाही, रात्री एक जण ओरडला की वीस जण जागे, एकाला सर्दी झाली की सगळ्यांना, आणि जेवायला बसायची जागाच गेली म्हणून माणसं खाटेवरच जेवायला लागतात, चालणं बंद होतं आणि एकदा बंद झालेलं चालणं ऐंशीच्या पुढे परत येईलच असं नाही. ट्रस्टींना हे स्पष्ट सांगा.

नातेवाइकांकडे पाठवणं काहींसाठी उत्तम असतं, पण "घरी न्या" असा सरसकट निरोप धाडू नका. ज्यांना दोन माणसांनी उचलावं लागतं त्यांच्या घरी दोन माणसं आहेत का, बाथरूमच्या दारातून व्हीलचेअर जाते का, रात्री कोण उठणार, हे विचारून मगच. मुलगी हो म्हणते आणि तिसऱ्या आठवड्यात तिची पाठ धरते, हे फार कॉमन आहे. त्यामुळे घरी गेलेल्याची जागा मधेच परत देता येईल एवढा एक-दोन खाटांचा वाव ठेवा. आणि कामाच्या काळात फी किती, जादा खर्च कुणाचा, जागा राखून ठेवली जाणार का, हे हलवायच्या आधीच कागदावर आणा, नंतर त्यावरून जी भांडणं होतात ती शेवटी त्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर येतात.

आत राहून काम करायचं तर

धूळ ही फक्त घाण नसते. जुनं प्लास्टर, फॉल्स सीलिंग फोडलं की त्यात अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजकण उडतात, आणि स्टेरॉइडवर असलेल्या, केमो घेतलेल्या किंवा फुप्फुसं खराब असलेल्या माणसाला ते जीवघेणे ठरू शकतात. जुन्या बिल्डिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस किंवा शिशाचा रंग आहे का ते तोडफोडीच्या आधी तपासून घ्या. पार्टिशन म्हणजे हिरवी जाळी किंवा लोंबणारं प्लास्टिक नाही, कडा टेपने बंद केलेलं पक्कं पार्टिशन, आणि कामाच्या बाजूची हवा बाहेर ओढणारा पंखा, म्हणजे हवा कायम स्वच्छ भागातून कामाच्या भागाकडे जाईल, उलटी नाही. मजुरांचा आणि डेब्रिजचा रस्ता पूर्ण वेगळा. पार्टिशनच्या अलीकडे खिडकीच्या कठड्यावरून रोज सकाळी बोट फिरवून बघा, पांढरं लागलं तर कुठेतरी फट आहे, काम थांबवून आधी ती बुजवायची.

आवाजाचं वेळापत्रक ठरवून घ्या. ब्रेकर (काँक्रीट फोडायचं मशीन) सकाळी दहा ते साडेबारा आणि दुपारी झोप झाल्यावर, असं काहीतरी. डिमेन्शिया असलेल्या माणसाला आवाज कसला ते कळत नाही, फक्त काहीतरी भयंकर होतंय एवढं कळतं, आणि संध्याकाळकडे त्यांची बेचैनी तशीही वाढलेली असते. ज्यांना श्रवणयंत्र आहे ते आवाजाला वैतागून काढून ठेवतात आणि मग दिवसभर कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, हे लक्षात ठेवा.

आता आग. अलार्म बदलायचा म्हणजे मधे काही काळ तो बंद राहणार, आणि नेमकं त्याच काळात बिल्डिंगमध्ये वेल्डिंग, कटिंग चालू. अमेरिकेतल्या एनएफपीएच्या (आगीपासून सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमात २४ तासांत ४ तासांपेक्षा जास्त अलार्म बंद किंवा १० तासांपेक्षा जास्त स्प्रिंकलर बंद असेल तर बिल्डिंग खाली करा किंवा माणूस नेमून सतत गस्त घाला असं आहे. तुमच्याकडचा नियम काय ते तुमच्या अग्निशमन विभागाकडून घ्या, पण नियम काहीही असो, गस्तीचा माणूस वेगळा हवा, ड्युटीवरच्या नर्सला "जरा लक्ष ठेवा" सांगणं म्हणजे गस्त नव्हे. वेल्डिंग संपल्यावर निदान तासभर तिथे कुणीतरी थांबायचं, कारण ठिणगी आत धुमसत राहते. आणि कॉरिडॉरमध्ये सिमेंटची पोती, पाइप, ट्रॉली काहीही नको, कारण अंथरुणाला खिळलेल्यांना आगीत जिन्याने खाली नेत नाहीत, आधी त्याच मजल्यावर फायर डोअरच्या (आग अडवून धरणाऱ्या दाराच्या) पलीकडे सरकवतात. तुमची पलीकडची बाजू जर कामाखाली असेल तर सरकवणार कुठे? हा प्रश्न बऱ्याच प्लॅनमध्ये विचारायचाच राहून गेलेला असतो. त्याचं उत्तर नसेल तर माझ्या मते आत राहायचा पर्याय तिथेच संपला.

बाहेरची जागा बघताना

मालकाने दाखवलेल्या वेळी बघू नका, एकदा रात्री जा. बेडपासून टॉयलेटपर्यंत अंधारात चालून बघा. बेल वाजवल्यावर नर्सला खरंच ऐकू येते का. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवा मावतो का, मोजून बघा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सक्शन मशीन, एअर मॅट्रेस यांना प्रत्येक बेडजवळ प्लग आहे का आणि लाइट गेली तर जनरेटरवर तेच प्लग चालतात का, कारण अनेक ठिकाणी जनरेटरवर फक्त दिवे आणि लिफ्ट असते. चालू न शकणारे शक्यतो तळमजल्यावर. आणि जवळचं हॉस्पिटल कोणतं, तिथल्या कॅज्युअल्टीला आधी भेटून या.

कोण आधी, कोण नंतर

सगळ्यात आजारी माणसं आधी हलवून मोकळं व्हावं असं वाटतं. मी तसं करत नाही. पहिल्या दिवशी मध्यम त्रासाची चार-पाच माणसं नेते, म्हणजे चालणारी पण मदत लागणारी, आणि शक्यतो बोलकी, कारण नवीन जागेत काय अडतंय ते तीच आपल्याला सांगतात. गरम पाणी येत नाही, उशी उंच आहे, रात्री बाहेरचा दिवा डोळ्यावर येतो. एक दिवस मधे सोडून त्या गोष्टी नीट करायच्या आणि मग जड केसेस, त्याही रोज मोजक्याच. एका टेबलावर जेवणारे, एका खोलीतले, एकमेकांवर जीव असलेले एकत्र न्यायचे, मग त्यांची आजारपणं जुळोत न जुळोत. आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळी. सुट्टीच्या आदल्या दिवशी कधीच नाही, डॉक्टर आणि फार्मसी दोन्ही हाताशी नसतात.

ज्यांना ताप आहे, नुकतंच हॉस्पिटलमधून आलेत, ते थांबतील. आणि जो माणूस शेवटच्या काही दिवसांत आहे त्याला हलवू नका, बिल्डिंग आज पडणार नसेल तर. कॉन्ट्रॅक्टरला त्या खोलीपुरतं थांबायला सांगा. तो कुरकुर करेल, करू दे.

हलवण्याच्या दिवसाचा तपशील एका केसवरून सांगते म्हणजे बाकीच्यांना लावता येईल. राईल्स ट्यूब (नाकातून पोटात अन्न देणारी नळी), कॅथेटर (लघवीची नळी) आणि ऑक्सिजन असलेल्या आजी. निघायच्या आधी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेनुसार फीड थांबवायचं, ट्यूब नाकाजवळ किती सेंटिमीटरवर आहे ते लिहून ठेवायचं म्हणजे पोचल्यावर सरकलीय का कळेल. डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर, पूर्ण आडवं नाही. युरीन बॅग रिकामी करून मांडीच्या खालच्या पातळीवर लटकवायची, आजींच्या पोटावर ठेवायची नाही, गाडीत चढवताना सगळे हमखास तेच करतात. सिलिंडरचा हिशेब सोपा आहे: सिलिंडरची लिटर क्षमता गुणिले प्रेशरचे बार. १० लिटरचा सिलिंडर १५० बारवर असेल तर साधारण १५०० लिटर ऑक्सिजन, मिनिटाला २ लिटर लागत असेल तर ७५० मिनिटं. मी त्याच्या निम्म्यावरच भरवसा ठेवते, आणि रेग्युलेटर सुटा जास्तीचा घेते. सिलिंडर बांधलेलेच हवेत आणि एका गाडीत गरजेपुरतेच. २००५ मध्ये रिटा वादळापासून पळताना डॅलसजवळ केअर होमच्या वृद्धांची बस पेटली, २३ जण गेले, आग चाकापासून लागली होती आणि आतल्या ऑक्सिजन सिलिंडरमुळे भडकली. त्यामुळे गाडीचं सर्व्हिसिंग हा विषय ड्रायव्हरवर सोडू नका. बसमधून उतरवायला किती वेळ लागतो ते एकदा रिकाम्या व्हीलचेअर घेऊन करून बघा, अंदाजापेक्षा दुप्पट लागतो.

औषधं प्रत्येकाच्या स्वतःच्या पिशवीत, निदान आठवड्याची, नाव आणि फोटोसकट, आणि ती पिशवी सामानाच्या टेम्पोत नाही, माणसाबरोबर. इन्सुलिन थंड डब्यात. मॉर्फिनसारखी औषधं दोघांनी मोजून दोघांच्या सहीने इथून निघतील आणि तिथे तशीच मोजून घेतली जातील. हाताला नावाची पट्टी सगळ्यांना, अगदी बोलत्या माणसांनासुद्धा.

फाइलमध्ये नसलेली माहिती

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आणि याला एक रुपयाही लागत नाही. फाइलमध्ये बीपी, शुगर, औषधं असतात. पण आजोबा डाव्या कानाने ऐकतात, गोळी पाण्याबरोबर अडकते पण घट्ट पेयाबरोबर जाते, आंघोळीला आधी पाय ओले केले तर घाबरत नाहीत, रात्री तीनला उठून दार शोधतात आणि तेव्हा अडवलं की चिडतात पण बरोबर चार पावलं चाललं की परत झोपतात, हे फक्त रोजच्या मावशींना आणि मामांना माहीत असतं. प्रत्येक माणसामागे एक पान, त्याच्या रोजच्या माणसाला शेजारी बसवून त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. ते पान बेडच्या डोक्याशी, फाइलमध्ये नको.

आणि खोलीचे फोटो काढा. मी विशेष करून बेडची बाजू बघते. एक आजोबा वर्षानुवर्षं बेडच्या डाव्या बाजूने उतरत आलेत, नव्या खोलीत ती बाजू भिंतीला आली की अर्धवट झोपेत ते भिंतीवर हात आपटतात, मग पायथ्याशी सरकत जाऊन तिथून उतरायला बघतात आणि तिथेच पडतात. बेड फिरवला की प्रश्न मिटतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते माणूस पोचायच्या आधी करायचं असतं. तेच घड्याळ, तीच चादर, तोच फोटो, त्याच हाताला. खोली तयार झाल्यावरच माणूस आत, सामान लावणं त्यांच्यासमोर चालू नको.

कुणाला काय सांगायचं

ज्यांना समजतं त्यांना पहिल्यांदा सांगा, नातेवाइकांच्याही आधी. त्यांचं घर आहे ते. खिडकीजवळ हवंय का, कुणाबरोबर राहायचंय, कोणती वस्तू हातात घेऊन जाणार, एवढे निर्णय तरी त्यांचे असू द्या. डिमेन्शिया बराच पुढे गेलेल्यांना महिनाभर आधी सांगून उपयोग नाही, रोज नव्याने धक्का बसतो. त्यांना त्या दिवशी सकाळी, साध्या वाक्यात, "आज आपण दुसऱ्या खोलीत झोपणार, मी बरोबर आहे." आणि हे म्हणणारी व्यक्ती खरंच बरोबर हवी.

नातेवाइकांना एक तारीख देऊ नका, "साधारण अमुक ते अमुक" असं सांगा, कारण दुरुस्तीत स्लॅब उघडल्यावर आत काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं आणि चार महिन्यांचे सहा होतात. हलवायच्या दिवशी सगळ्यांनी गर्दी करू नये, प्रत्येकाचं एकच ओळखीचं माणूस संध्याकाळी जेवणाच्या वेळी यावं, तीच वेळ अवघड जाते. सही न देणाऱ्या त्या गृहस्थांना मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर पटवायला जाऊ नका. इंजिनिअरचं पत्र, नव्या जागेचा पत्ता, कोणता स्टाफ जाणार त्यांची नावं आणि त्यांच्या आईचं ते एक पान, एवढं हातात द्या आणि जागा दाखवायला घेऊन जा. बहुतेकांचा विरोध हलवण्याला नसतो, आईला कोण बघणार हे कळत नाही याला असतो.

पोचल्यानंतर

पहिले तीन दिवस आणि त्यातल्या रात्री सगळ्यात वाईट. रात्रपाळीला जादा माणूस ठेवा, दिवसा नाही ठेवलात तरी चालेल. किती पाणी पोटात गेलं ते लिहायचं, लघवीचा रंग बघायचा, शौचाला झालं का, बेडसोर होतायत का ते कळायला टाचा आणि माकडहाड रोज उघडून बघायचे. अचानक गप्प झालेला माणूस "रुळला" असं समजू नका, डिलिरियमचा (आजारपणात अचानक येणाऱ्या गोंधळलेपणाचा) एक प्रकार असाच शांत असतो आणि तो नजरेतून सुटतो. वजन हलवायच्या आधी एकदा आणि मग दर आठवड्याला, चार-पाच आठवडे, कारण जेवतायत असं वाटतं पण ताटातलं फक्त इकडचं तिकडे झालेलं असतं. साधारण महिनाभरात गाडी रुळावर येते.

खर्चाचं एकच सांगते. दोन जागा चालवणं म्हणजे दोन रात्रपाळ्या, आणि स्टाफला रोजचा प्रवासही वाढतो. तो प्रवास आणि जादा ड्युटीचे पैसे बजेटमध्ये आधी धरा. ओळखीच्या मावशीच महिन्याभरात सोडून गेल्या तर वर लिहिलेलं सगळं मुसळ केरात.

परत येताना

परत येणं म्हणजे दुसरं स्थलांतरच, तीच पानं, तेच फोटो, तोच क्रम. बंद बिल्डिंगमध्ये पाइपमध्ये पाणी साचून राहिलेलं असतं आणि २० ते ४५ अंशांच्या दरम्यान त्यात लेजिओनेला नावाचा न्यूमोनिया करणारा जिवाणू वाढतो, शॉवरच्या तुषारातून तो फुप्फुसात जातो. त्यामुळे टाक्या धुऊन, सगळे नळ आणि शॉवर, न वापरातलेसुद्धा, भरपूर वेळ सोडून द्यायचे, शॉवरची तोंडं बदलायची, आणि पाण्याची तपासणी करून घ्यायची. रंगाचा वास पूर्ण जाऊ द्या. नवीन अलार्म स्टाफने रिकाम्या बिल्डिंगमध्ये एकदा दिवसा आणि एकदा रात्री वाजवून, सरकवण्याची ड्रिल करून बघायची, माणसं आल्यावर नाही. इंजिनिअरचं काम पूर्ण झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत परतीची तारीख कुणालाच सांगू नका, कॉन्ट्रॅक्टर "किरकोळ फिनिशिंग राहिलंय" म्हणाला तरी. ते किरकोळ फिनिशिंग म्हणजे परत ड्रिल मशीनच असतं. आणि एक-दोन जण म्हणतील की आम्ही इथेच बरे आहोत, तेव्हा त्यांचं खरंच ऐका, जागा असेल तर राहू द्या.

तुमच्या चाळीसपैकी किती जण ऑक्सिजनवर, किती जण ट्यूबवर आणि किती जण पूर्ण अंथरुणावर आहेत, आणि राहत्या विंगला बाहेर पडायचे रस्ते किती, एवढं लिहिलंत तर क्रम कसा लावायचा ते जास्त नेमकं सांगू शकेन.